फाइल उघडली, पण मराठी उघडली का?

श्रावण लागला की लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांत दोन प्रकारची घाई सुरू होते. एक मंडपाची, ती रस्त्यावर दिसते. दुसरी कागदपत्रांची. वार्षिक अहवाल, जमाखर्च, महापालिकेला आणि पोलिसांना द्यायचे अर्ज, स्मरणिकेच्या जाहिराती, देणगीदारांची यादी. चिटणीस हे सगळं मंडळाच्या जुन्या विंडोज संगणकावर करतो, खजिनदार घरच्या लॅपटॉपवर. मुखपृष्ठ करणारा कार्यकर्ता दिवसा लोअर परळला, एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या जाहिरात कंपनीत मॅकवर बसलेला असतो. बाकीचे मोबाइलवर. अहवालाची फाइल या सगळ्यांत व्हॉट्सॲपवरून फिरते आणि कुठल्या तरी मुक्कामी कोणीतरी विचारतंच, "अरे, काय पाठवलंयस हे? सगळं इंग्रजीच दिसतंय!"

ते इंग्रजी नसतं. उत्तरेत जास्त चालणाऱ्या पण मराठी टंकलेखनातही शिरलेल्या कृतीदेव या फॉन्टचं उदाहरण घेऊ. त्यात 'मराठी' हा शब्द टाइप केला की संगणकाच्या पोटात जातात ती ई, जे, के, बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं. फॉन्ट हजर असेल तर त्या 'ई'च्या जागी 'म'चं चित्र दिसतं, 'जे'च्या जागी 'र'चं, 'के'च्या जागी काना. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडतो आणि मूळ रोमन अक्षरं उघडी पडतात. 'किती' हा शब्द तर आणखी मजेचा. टाइपरायटरच्या जुन्या सवयीप्रमाणे ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करायची आणि 'क' नंतर, म्हणून संगणकाच्या लेखी त्या शब्दाची सुरुवातच वेलांटीने होते. अशा फाइलमध्ये 'किती' शोधा म्हटलं तर संगणक शोधणार काय? त्याच्या दृष्टीने तिथे मराठीचा एक शब्दही नाही.

ऑफिस सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, या चर्चेत मराठी माणूस इथेच फसतो. वर्ड घ्यावं की लिबरऑफिस, की गूगल डॉक्सवरच भागवावं, हा प्रश्न दुसरा. फाइलच्या आत खरी मराठी आहे की मराठीचं चित्र, हा पहिला. पहिल्याचं उत्तर चुकलेलं असेल तर जगातलं सर्वांत महाग सॉफ्टवेअरही त्या फाइलला वाचवू शकत नाही.

गिरगावाला खरं तर हे समजायला सोपं जावं. छापील मराठीचा धंदा मुंबईच्या याच पट्ट्यात वाढला. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांचे देवनागरी खिळे नावाजले गेले. खटाववाडीतल्या मौजेच्या छापखान्याने पुढे विसाव्या शतकात मराठी साहित्याच्या कित्येक पिढ्या छापल्या. काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं धरली तर देवनागरीचा एक संच पुरा व्हायला शेकड्यांनी खिळे लागत आणि जुळाऱ्याचा हात त्या खणांवरून आंधळेपणाने फिरत असे. पण एक सोय होती. छापलेलं पान वाचायला वाचणाऱ्याच्या घरी छापखान्याचे खिळे असावे लागत नाहीत. संगणकातल्या फाइलला मात्र लागतात. फाइलबरोबर पान जात नाही, पान कसं जुळवायचं याच्या सूचना जातात. जुळवायचं काम प्रत्येक संगणक आपापल्या खिळ्यांनी नव्याने करतो.

जुन्या फॉन्टांच्या जमान्यात प्रत्येकाच्या सूचनाही वेगळ्या होत्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएममधले सुरेख आणि योगेश, किरण फॉन्ट. यातल्या प्रत्येकाने 'म' कुठल्या रोमन चिन्हामागे लपवायचा ते आपल्या मनाने ठरवलेलं. म्हणून श्रीलिपीतला मजकूर आकृतीत चालत नसे, आणि छापखान्यात फाइल दिली की पलीकडून पहिलं वाक्य यायचं, "काका, बरोबर फॉन्टपण पाठवा." आजही येतं.

हा गोंधळ मिटवायचा रस्ता १९९१मध्येच तयार झाला होता. त्या वर्षी भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाणित संकेतन जाहीर केलं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या मसुद्यावरून घेतलेली होती. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ घरांचा स्वतंत्र वाडा आहे. 'म'चं घर 'म'चंच, तिथे दुसरं कोणी राहत नाही. त्यामुळे फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलतं, अक्षर बदलत नाही.

विंडोजवर ही सोय पोचली त्यातही मुंबईचा हात आहे. विंडोज २०००पासून ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये बहुतेकांनी पहिल्यांदा युनिकोड मराठी पाहिली, तो र. कृ. जोशी यांनी घडवला. जाहिरातक्षेत्रात नाव केलेले, पवईच्या आयआयटीत शिकवलेले आणि नंतर जुहूच्या एनसीएसटीत काम केलेले सुलेखनकार. मंगलला आज कोणी देखणा म्हणत नाही. त्यातलं ओळींमधलं अंतरही ऐसपैस आहे. पण त्या फॉन्टने जे काम केलं त्यापुढे ही तक्रार किरकोळ.

मग पस्तीस वर्षांनंतरही जुने फॉन्ट जात का नाहीत? आळस हे सोपं उत्तर झालं, आणि ते अर्धंच खरं आहे. छापखान्यांचा संसार पेजमेकर आणि कोरल ड्रॉवर उभा होता. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ची. तिला युनिकोड देवनागरी जुळवता येतच नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय २०१२च्या आवृत्तीत झाली. म्हणजे चिटणिसाने कितीही शहाणपणाने युनिकोडमध्ये टाइप केलं तरी दहा-बारा वर्षं छापखान्याच्या दारात ते अडणारच होतं. छापखानेवाल्यांनी मशीन, फॉन्ट आणि माणसं सगळं त्या जुन्या पद्धतीवर बसवलं, आणि चालतं आहे ते कशाला मोडा, हा धंद्याचा नियम कोणालाच चुकत नाही. आजही जाहिरात कंपनीतल्या मॅकवर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडायचा राहून गेला, तर चिकटवलेली शुद्ध युनिकोड मराठीसुद्धा विस्कटते. वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहतात. शहरातल्या फलकांवर अशी मराठी पाहून भाषा बुडाल्याची हळहळ व्यक्त होते. बहुतेक वेळा बुडालेली असते ती सेटिंगमधली एक खूण.

युनिकोड आलं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असंही नाही. मराठीची काही अक्षरं अशी आहेत की सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला ती पुरेशी आहेत.

पहिलं, ऱ्याचं. मंडळाच्या जमाखर्चात महाप्रसादाच्या आचाऱ्यांना दिलेले पैसे दाखवायचे असतात. हा 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्त्याच्या 'ऱ'चा पाय मोडून पुढे 'य' जोडायचा. दुसरी जुनी रीत म्हणजे साधा 'र', हलन्त, डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग 'य'. हे अदृश्य चिन्ह फाइलच्या प्रवासात कुठेतरी गळतं, कारण एखाद्या प्रणालीला ते कचरा वाटतं. गळलं की आचाऱ्यांचे आचार्य होतात, आणि मंडळाने महाप्रसाद रांधायला विद्वान बोलावले होते असा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. दऱ्यांचा दर्या होतो तोही असाच.

दुसरं अक्षर 'ॲ'. ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स, बॅंकेचं ॲप. आजच्या मराठीत त्याच्यावाचून पान हलत नाही. पण युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं घर मिळालं ते २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवून वेळ भागवत. त्याहून जुन्या फॉन्टमध्ये नवा 'ॲ' चौकोन होऊन दिसतो, आणि काही ठिकाणी जुना 'अ' अधिक चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. शोध घेतानाही दोन्ही वेगळे. यादीत निम्मे वकील एका पद्धतीने आणि निम्मे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असतील तर शोधपेटी निम्मेच दाखवणार.

ल आणि श यांची गोष्ट वेगळी. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि हिंदी वळणाचा दंडाचा 'ल' यांचं युनिकोड घर एकच. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिला. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात. कोणतं दाखवायचं हे 'हा मजकूर मराठी आहे' या फाइलमधल्या एका चिठ्ठीवरून ठरतं. काही सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचतात, काही वाचत नाहीत. म्हणून एकाच परिच्छेदाचा 'ल' एका संगणकावर पुणेरी आणि दुसऱ्यावर बनारसी दिसतो. यावर साधा उपाय म्हणजे मराठी वळण मुळातच असलेला फॉन्ट घेणं. टिरो देवनागरी मराठी हा त्यासाठीच केलेला मोफत फॉन्ट आहे. धोबी तलावाला कार्यालय असलेल्या राज्य मराठी विकास संस्थेनेही यशोमुद्रा हा युनिकोड टंक मोफत उपलब्ध करून दिला आहे.

आणि रुपयाचं चिन्ह. आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचं ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१०मध्ये स्वीकारलं. युनिकोडमध्ये ते त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं, पण लोकांना तेवढाही धीर नव्हता. मधल्या काळात एक मोफत फॉन्ट पसरला. कळफलकावर टॅबच्या वर जे उलट्या स्वल्पविरामासारखं चिन्ह असतं, त्याच्याच जागी त्यात ₹ चं चित्र बसवलेलं. त्या दिवसांतली बिलं आणि कोटेशनं आज उघडली की रकमेआधी तो एकटा फराटा दिसतो. कृतीदेवचंच दुखणं, फक्त एका अक्षरापुरतं.

मजकूर शाबूत राहिला की पुढचा प्रश्न पानाचा. वर्डमध्ये मंगल वापरून बारा पानांचा अहवाल केला, मॅकवर मंगल नाही म्हणून त्या संगणकाने आपल्याकडचा कोहिनूर देवनागरी लावला, लिनक्सवर लोहित लागला. प्रत्येकाची उंची-रुंदी वेगळी. बाराची अकरा किंवा तेरा पानं होतात, अनुक्रमणिका चुकते, अध्यक्षांच्या मनोगतातली शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी जाऊन बसते. विंडोजवरच कोकिळा लावला तर त्याच मापात अक्षर एवढं बारीक दिसतं की ज्येष्ठ सभासद चष्मा पुसायला लागतात. रोमन लिपीत यावर उत्तर निघालेलं आहे: कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, टाइम्सच्या मापाचा लिबरेशन सेरिफ. फॉन्ट बदलला तरी ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. देवनागरीत अशा जुळ्या भावाच्या भरवशावर राहण्यापेक्षा एकच मोफत युनिकोड फॉन्ट सगळ्यांच्या संगणकांवर बसवणं बरं. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू आहेत, गूगलचा नोटो आहे. परवाना खुला, त्यामुळे छापखान्यालाही बिनदिक्कत देता येतात.

इथे वर्ड आणि लिबरऑफिस या दोघांतली एक खाच ठाऊक असावी. दोन्हींत रोमन मजकुराचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा ठेवलेला असतो. वर्ड दुसऱ्याला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतो, लिबरऑफिस सीटीएल. वरच्या पट्टीतला फॉन्ट बदलूनही मराठी तशीच राहिली, की लोक संगणकाला शिव्या घालतात. संगणकाने रोमनचा फॉन्ट इमानेइतबारे बदललेला असतो. लिबरऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये सीटीएल चालू करून तिथे मराठी निवडली की निम्मी डोकेदुखी जाते.

आता फाइलच्या साच्याकडे. डॉकएक्स म्हणजे एक गाठोडं. खात्री करायची तर अहवालाच्या फाइलची एक प्रत काढा, नावातलं शेवटचं डॉकएक्स पुसून झिप लिहा आणि उघडा. आत फोल्डर निघतात: एकात मजकूर, एकात चित्रं, कुठे शैलींची यादी, कुठे फॉन्टांची. मजकुराच्या फाइलमध्ये कोनांच्या कंसांच्या जंगलात मंडळाच्या अध्यक्षांचं नाव चक्क मराठीत वाचता येतं. जुन्या डॉक फाइलमध्ये ही सोय नव्हती. ते बंद पेटाऱ्यासारखं, किल्ली एकाच कंपनीकडे.

पेटारा उघडला त्यामागे मोठी भांडणं आहेत. ओपन ऑफिसच्या मंडळींनी पुढे आणलेला ओडीएफ हा खुला साचा २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७साठी स्वतःचा साचा मानक करायला दिला. त्याचं वर्णन सहा हजारांहून जास्त पानांचं. एवढा ग्रंथ वाचून दुसऱ्या कोणी हुबेहूब तसंच सॉफ्टवेअर करावं, ही अपेक्षाच जरा विनोदी. भारतीय मानक ब्यूरोने २००७मध्ये त्याविरुद्ध मत दिलं, २००८मध्येही तेच कायम ठेवलं. निकाल मायक्रोसॉफ्टच्या बाजूने गेल्यावर भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. आज व्यवहारात डॉकएक्सचंच राज्य आहे. वर्ड ओडीएफ उघडतं, लिबरऑफिस डॉकएक्स उघडतं, पण दोघंही परक्या घरी पाहुण्यासारखी वागतात: साधा परिच्छेद, मथळे, साधे तक्ते ठीक, तरंगत्या चौकटी, रंगीत आकृत्या, तक्त्यात तक्ता घातला की ओळखी विसरतात.

हिशेबाच्या पत्रकांत चुका डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तिथला धोका मोठा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडमध्ये करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आठवडाभर गळल्या. कारण काय, तर कोणीतरी एक्सेलचा जुना एक्सएलएस साचा वापरला होता. त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही. पुढच्या नोंदी मुकाट्याने तुटल्या. लालबागच्या कोणत्याही मंडळाची वर्गणी-यादी तेवढी लांब नसेल कदाचित. पण देणगीदारांची यादी सीएसव्ही करून पाठवली आणि पलीकडच्याने ती एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली, तर सगळी मराठी नावं फ्रेंच वळणाच्या रोमन अक्षरांची रांग होऊन येतात. जतन करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय निवडायचा, एवढाच उपाय. ५/८ ही तारीख भारतीय सेटिंगमध्ये ५ ऑगस्ट, अमेरिकी सेटिंगमध्ये ८ मे. मॅकवरचा जुना एक्सेल दिवस १९०४पासून मोजत असे आणि विंडोजवरचा १९००पासून. अशा जुन्या पत्रकातल्या तारखा उचलून नव्यात टाकल्या तर त्या चार वर्षं आणि एक दिवसाने सरकतात. लाख-कोटींचे स्वल्पविरामही फाइलमधून नव्हे, बहुतेकदा संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमधून येतात. वार्षिक सभेत पडद्यावर १२,३४,५६७ऐवजी १,२३४,५६७ झळकलं की मागच्या रांगेतून कोणी तरी "दहा लाख की बारा?" विचारणारच.

एवढं सगळं लक्षात घेऊन घ्यावं काय? प्रश्न आत्ताच विचारण्याचं कारण आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९चाही. चाळींच्या पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण संस्थांची कार्यालयं, दादरचे क्लास, छोटे प्रकाशक, मंडळं या सगळ्यांकडची यंत्रं बरोबर त्याच वयाची आहेत.

ज्यांचा रोजचा व्यवहार मोठ्या कंपन्यांशी, वकिलांशी आहे, फाइली दुरुस्त्यांच्या खुणांसकट आठ-आठ वेळा इकडून तिकडे जातात, त्यांनी वर्षाची वर्गणी भरून मायक्रोसॉफ्टचंच सॉफ्टवेअर घ्यावं. फुकटच्या पर्यायाने जे पैसे वाचतात ते रांगेबाहेर गेलेले क्रमांक सरळ करण्यात वसूल होतात. मॅकवरही ते चालतं. मात्र २०११ची मॅक आवृत्ती अजून कोणी जपून ठेवली असेल तर देवनागरीसाठी ती कामाची नाही. ॲपलचं पेजेस दिसायला छान, पण ते स्वतःच्या साच्यात जतन करतं. दर वेळी डॉकएक्स काढून पाठवायची आठवण ठेवावी लागते, आणि ती राहत नाही.

मंडळं, सोसायट्या, ग्रंथालयं यांच्या गरजा लिबरऑफिसमध्ये सहज भागतात. २०१०मध्ये ओपन ऑफिसपासून वेगळं निघालेलं हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर सारखं आणि मोफत चालतं. जुन्या यंत्रावर लिनक्स घालून त्याला आणखी काही वर्षं जगवता येतं. म्युनिक महापालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७मध्ये परत फिरायचं ठरवलं, हे उदाहरण नेहमी फेकलं जातं. जर्मनीतल्याच श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये तीस हजार संगणक लिबरऑफिसवर न्यायचं जाहीर केलं, ते सांगायला लोक विसरतात. दोन्ही उदाहरणांवरून लालबागच्या चिटणिसाने काही ठरवू नये. त्याच्याकडे संगणक एकच आहे.

चौघांनी मिळून एकच अहवाल लिहायचा असेल, निम्मे मोबाइलवर असतील, तर गूगल डॉक्स, ब्राउझरमधलं मोफत वर्ड किंवा चेन्नईच्या झोहोचं रायटर यांच्यासारखा दुसरा इलाज नाही. फॉन्ट सर्व्हरवरून येतो म्हणून सगळ्यांना पान सारखं दिसतं, आणि 'अंतिम', 'अंतिम २', 'खरंच अंतिम' अशा फाइलींची माळ लागत नाही. अडचण एकच, खातं कोणाच्या नावावर आहे ती. कार्यकारिणी बदलली आणि जुना चिटणीस रुसला, की मंडळाचा दहा वर्षांचा इतिहास त्याच्या पासवर्डमागे अडकतो. खातं मंडळाच्या नावाने काढावं आणि दर वर्षी एक प्रत बाहेर उतरवून घ्यावी.

ज्याने फक्त वाचायचं आहे त्याला पीडीएफ द्यावी, एवढं पथ्य सर्वांना लागू. तीत फॉन्ट आतच बांधलेला असतो. म्हणजे पुन्हा छापलेल्या पानासारखं झालं, वाचणाऱ्याकडे खिळे लागत नाहीत. मात्र पीडीएफलाच मूळ प्रत समजून फाइल पुसून टाकू नये. तीतून मराठी मजकूर परत उचलायला गेलं की मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटलेली हाती येतात.

सॉफ्टवेअर घेण्याआधी त्याची परीक्षा दुकानातल्या नमुना-पानावर घेऊ नये. ते पान चांगलं दिसावं म्हणूनच केलेलं असतं. आपल्याकडची सर्वांत त्रासदायक फाइल घ्यावी, म्हणजे बहुधा गेल्या वर्षीचा अहवाल. तिच्यात आचाऱ्यांची नोंद, दोन-तीन ॲडव्होकेट, एक 'वाङ्मय', एखादी 'क्लृप्ती', ₹ असलेला तक्ता, पानांचे क्रमांक आणि कोणीतरी केलेल्या दुरुस्त्या असाव्यात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, एक शब्द बदलून जतन करायची, जुन्या संगणकावर परत उघडायची, मोबाइलवर पाहायची. नुसती उघडून समाधान मानू नये. बिघाड होतो तो जाऊन परत येताना. या फेरीला अर्धा तास लागतो, आणि कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळतं.

आणि शेवटचं, जुना संगणक भंगारात देण्याआधीचं. श्रीलिपी किंवा आयएसएममधल्या जुन्या फाइली ज्या यंत्रावर नीट दिसतात, असं यंत्र बहुतेक ठिकाणी आता एकच उरलेलं असतं. त्याच्या मागे खोचलेलं कुलपाचं डोंगल हरवलं तर तेही उरत नाही. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण ती मधल्या इंग्रजी शब्दांचाही मराठी चिवडा करतात आणि ऱ्या, र्‍ह चुकवतात. म्हणून रूपांतरित पान मूळ पानाशेजारी ठेवून तपासावं लागतं, आणि मूळ पान फक्त त्या जुन्या यंत्रावरच दिसतं. तेव्हा आधी त्या यंत्रावरून सगळ्या जुन्या अहवालांच्या पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये उतरवून एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून वाचून घ्या. डोंगल तोवर पाकिटात घालून, पाकिटावर ते कशाचं आहे ते लिहून, पावतीपुस्तकांच्या कपाटात ठेवा.